एवढेच?

शॅम्पूच्या मांडणीसमोर उभी होते. मागून एका अनोळखी बाईंनी माझी पोनी हातात घेतली, जराशी उचलून पाहिली आणि विचारलं, "एवढेच?"

बाकीचे घरी ठेवून आलात का, असा एकूण सूर.

वळून बघितलं. बाईंची वेणी कमरेखाली, जाडीला माझ्या मनगटाएवढी, आणि टोकाला नोटांच्या बंडलाला लावतात ते पिवळं रबर. तसलं रबर बारीक केसांना लावलं तर सोडवताना दहा-बारा केस सोबत घेऊन उतरतं. बाईंच्या वेणीवर ते बिचारं कसंबसं तग धरून होतं.

"मी तर काहीच करत नाही," बाई म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. "हाताला येईल तो शॅम्पू. ह्यांचा असला तर ह्यांचा, मुलाचा असला तर मुलाचा. परवा दोन्ही संपलेले, मग भांड्यांचं लिक्विड लावलं. काऽही झालं नाही!" पुरावा म्हणून वेणी पुढे ओढून दाखवली. चकाकत होती.

"छान," मी म्हटलं.

"तुम्ही फार काहीबाही लावत असणार."

मी गप्प.

"आणि टेन्शन. टेन्शनने जातात केस. घेऊ नका टेन्शन."

तोपर्यंत मला टेन्शन नव्हतं.

आता यात संताप येण्याजोगी गोष्ट ही, की बाई खोटं बोलत नव्हत्या. भांड्यांच्या लिक्विडने त्यांचं खरंच फारसं बिघडलं नसणार. बारीक केसाचा व्यास साधारण 50-60 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतो, जाड केसाचा 80-100 च्या घरात. व्यास निम्मा झाला की छेदाचं क्षेत्रफळ चौथाईवर येतं. म्हणजे तेच ब्लीच, तीच फणी, तेच रबर, आणि सोसायला गाभा मात्र पाव हिस्सा. उलट वजनाच्या मानाने पृष्ठभाग दुप्पट. त्यामुळे टाळूचं तेल असो की बाटलीतलं क्रीम, बारीक केसाला ते दुप्पट जाणवतं आणि सकाळी धुतलेले केस संध्याकाळपर्यंत कपाळाला चिकटतात. डोक्यावर भरगच्च लाखभर केस असले तरी पोनी उंदराच्या शेपटीएवढीच भरते. बारीक वेगळं आणि विरळ वेगळं, हे कोणाला सांगायचं? एक केस अंगठा आणि बोटामध्ये फिरवून बघावा. बोटाला काहीच लागलं नाही तर तो बारीक. डोक्यावर असे किती आहेत, तो निराळा हिशोब.

हे सगळं मी बाईंना सांगितलं असतं, पण त्यांनी एव्हाना विक्रेत्या मुलीला हाक मारली होती. "अगं, ह्यांना काहीतरी दाखव गं. बघ ना, काय झालंय ह्यांचं!"

मुलगी आली. तिने माझ्या केसांचं टोक दोन बोटांत धरलं, डोळे बारीक केले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मॅम, केस फारच अशक्त झालेत." जणू केसांना आत्ताच दवाखान्यातून घरी आणलंय. मग तिने एक पसरट डबा पुढे केला. आत लोण्यासारखं घट्ट काहीतरी. "हे आठवड्यातून तीनदा, मुळापासून टोकापर्यंत भरपूर लावायचं. केस पुन्हा जिवंत होतात."

"डोक्याबाहेर आलेला केस मेलेलाच असतो," मी म्हटलं. "जिवंत काय ते टाळूच्या आत, मुळाशी."

मुलगी हसली. तिला शिकवलेल्या तीन वाक्यांत हे बसत नव्हतं. बाई मात्र दचकल्या. वेणी छातीशी धरून त्यांनी विचारलं, "मेलेले? माझेसुद्धा?"

"तुमचेसुद्धा."

एवढं बरं मला त्या दुकानात दुसऱ्या कशानेच वाटलं नाही.

तर खरं दुखणं असं. मांडणीवर दोन कप्पे असतात. एकावर लिहिलेलं, बारीक केसांसाठी, फुगवटा. दुसऱ्यावर, खराब झालेल्या केसांसाठी, पोषण. बारीक आणि खराब, दोन्ही असलेल्या माणसाने कुठे उभं राहायचं? पहिल्या कप्प्यातली बाटली तेल-चिकटपणा काढून टाकते, पण टोकं राठ करते. दुसऱ्या कप्प्यातली टोकं मऊ करते आणि डोकं चपटं करून सोडते. 'खराब' कप्प्यावरच्या फोटोतल्या बाईच्या केसांत फणी अडकून हरवेल. तिचं काय खराब झालंय, देव जाणे.

तोडगा साधा आहे, फक्त जोडी मोडावी लागते. शॅम्पू टाळूसाठी असतो, कंडिशनर टोकांसाठी. म्हणून शॅम्पू पहिल्या कप्प्यातला घ्यावा, कंडिशनर दुसऱ्यातला, आणि दोघांची गाठ पडू देऊ नये. खांद्यापर्यंतच्या केसांना चमचाभर, म्हणजे 5 मिली शॅम्पू पुरतो. तो तळहातावर पाण्यात पातळ करून फक्त टाळूला चोळायचा. धुताना खाली ओघळणारा फेस टोकांना पुष्कळ होतो. तेल फार असेल तर पहिल्या वेळी फेस येत नाही; तेव्हा बाटली उलटी न करता धुऊन टाकावं आणि निम्म्या मापाने पुन्हा लावावा. कंडिशनर कानाखाली. कानाच्या वर गेला की संध्याकाळच्या फुगवट्याची आशा सोडावी.

बाटलीचा पुढचा भाग वाचू नये. तिथे ललित साहित्य असतं. मागे घटकांची यादी असते, जास्तीकडून कमीकडे, 1 टक्क्यापर्यंत. त्याखालचे घटक कंपनी हवे त्या क्रमाने लिहू शकते. फेनॉक्सीइथेनॉल नावाचं संरक्षक बऱ्याच देशांत 1 टक्क्याच्या वर घालता येत नाही, त्यामुळे त्याच्यानंतर जे काही लिहिलंय ते सगळं चिमूटभर. पुढच्या बाजूला ठळक छापलेलं रेशीम, मोती, बायोटिन, अमुक फुलाचा अर्क बहुतेक वेळा तिथेच, शेवटच्या बाकावर बसलेले सापडतात. आणि बायोटिन तर दोन मिनिटांत धुऊन गटारात जाणार. तिथे कोणाचे केस वाढतात, मला माहीत नाही.

पाणी सोडून पहिली पाच-सहा नावं वाचली की पुरे. शॅम्पूत सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे कडक सफाई करणारं द्रव्य, दुसऱ्याच जागी आणि सोबत त्याला आवर घालणारं कोणी नाही, तर ब्लीच केलेल्या केसांनी दूर राहावं. त्याचं जरा सौम्य भावंड सोडियम लॉरेथ सल्फेट आणि मागोमाग त्याला आवर घालणारं कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर चालतं. 'सल्फेट-फ्री' या शब्दांवर भाळू नये. त्यात कित्येकदा ओलेफिन सल्फोनेट असतं. नावात सल्फेट नाही, सफाई मात्र तितकीच कडक. खरोखर सौम्य हवा असेल तर कोकॉइल आयसेथिओनेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड ही नावं वरच्या रांगेत शोधावीत.

कंडिशनरमध्ये सेटिल किंवा सिटिअरिल अल्कोहोल दिसलं की काही जण बाटली खाली ठेवतात, अल्कोहोल केस वाळवतं म्हणून. हे तसलं नव्हे. हे मेणचट असतं, मऊपणा देतं. भीती बाळगायची ती पहिल्या पाचात बसलेल्या शिया बटरची आणि डायमेथिकोन नावाच्या सिलिकॉनची. सिलिकॉन सरसकट वाईट नाहीत, पण बारीक केसांवर डायमेथिकोनचे थर चढत जातात. त्याऐवजी त्याचंच भावंड अमोडायमेथिकोन पाहावं. त्याचं कारण जरा विस्ताराने सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. निरोगी केसाच्या पृष्ठभागावर 18-एमईए नावाचा अतिपातळ स्निग्ध थर जन्मतःच चिकटलेला असतो. ब्लीच तो खरवडून काढतं. मग केस पाणी शोषतो, वाळायला वेळ लावतो आणि जिथे इजा झालीय तिथे त्याच्यावर ऋण विद्युतभार वाढतो. अमोडायमेथिकोन आणि कंडिशनरमधली सेट्रिमोनियम क्लोराइडसारखी द्रव्यं धन भाराची असतात, म्हणून ती नेमकी त्या जखमेच्या जागी जाऊन बसतात आणि धड केसावर उगीच गर्दी करत नाहीत. 'दुरुस्ती' म्हणतात ती बहुतांशी एवढीच: ठिगळ. पुढच्या धुण्यापर्यंत टिकणारं.

केसाच्या आतले तुटलेले बंध जोडतो म्हणणारी नवी मंडळी बाजारात आहेत, ती यापेक्षा एक पाऊल आत जातात. ब्लीच केलेल्या केसांना त्यांचा उपयोग होतो. फाटे फुटलेल्या टोकाला मात्र कशाचाच होत नाही. त्याला कात्री.

प्रोटीनचंही तसंच. लेबलावर 'हायड्रोलाइज्ड', म्हणजे बारीक तुकडे केलेलं, हवं. अख्खं केराटिन केसात शिरण्याइतकं लहान नसतं. बारीक केसाला प्रोटीनने जरा अंग येतं, पोनी बरी दिसते, आणि लोभ सुटतो. प्रत्येक धुण्याला लावलं की केस खराट्यागत कडक होतात. दोन-तीन धुण्यांमागे एकदा बास. तेल लावायचंच तर धुण्याआधी अर्धा तास, खोबरेल, टोकांना चार-पाच थेंब. ते केसाच्या आत झिरपतं आणि धुताना प्रोटीन निसटणं कमी करतं. मिनरल ऑइल वरच बसून राहतं.

केस किती पाणी शोषतो हे कळायला ग्लासभर पाण्यात केस टाकून तरंगतो की बुडतो ते बघायची एक परीक्षा सगळीकडे सांगतात. केसावर थोडं तेल असलं तरी तो तरंगतो. ग्लास धुऊन ठेवून द्यावा.

आणि हे सगळं करून वर ओल्या केसांवर इस्त्री फिरवली तर केसातल्या पाण्याची वाफ होऊन आत बुडबुडे पडतात, केस तिथेच मोडतो. केस पूर्ण कोरडे, उष्णतारोधक फवारा आणि 150 अंशांच्या आसपास, त्यावर नाही. ड्रायर 15 सेंटिमीटर लांब आणि सतत हलता. गुंता सोडवायचा तो कंडिशनर लावलेला असतानाच, मोठ्या दातांच्या फणीने, टोकाकडून वर. पाणी जड असेल तर महिन्यातून एकदा क्षारांना धरून ओढून नेणारं ईडीटीए वरच्या रांगेत असलेला शॅम्पू, नाहीतर क्षारांच्या थरावर कंडिशनर चोळत बसायचं.

केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. खांद्यापाशी पोचलेलं टोक अडीच वर्षांचं असतं; त्या काळातलं प्रत्येक ब्लीच, प्रत्येक इस्त्री त्याने सोसलेली असते. तेव्हा योग्य बाटली सापडली की ती दोन-तीन वर्षं सोडायची नाही, असा साधा विचार माणूस करतो. कंपनी करत नाही. एक दिवस कोपऱ्यात 'आता नव्या रूपात' असा गोल शिक्का येतो. बाटली तीच, वास तोच. मागे उलटून बघावं तर डायमेथिकोन नवव्या जागेवरून तिसऱ्यावर. विचारलं तर म्हणे ग्राहकांच्या आग्रहास्तव. कोण हे ग्राहक, कुठे जमतात, आग्रह कोणाकडे करतात, काही कळत नाही. आपला आग्रह नोंदवायची सोय नाही. म्हणून जुनी बाटली टाकण्याआधी तिच्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा आणि नवी घेताना दोन्ही याद्या ओळीने ताडून बघाव्यात. पहिल्या सहांत फरक निघाला, तर ती बाटली परत मांडणीवर.