पाय वर घेतले त्यानं

जेवणं होऊन तीन तास झाले तरी राग उतरेना, म्हणून लिहायला बसलोय. बायको म्हणतेय पोस्ट करू नका, पाहुणे वाचतील. वाचू देत की.

आज पुण्याहून लांबच्या नात्यातले तिघे आले होते. नवरा-बायको आणि त्यांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा. फर्माईश होती बाजार आमटी आणि भाकरीची. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: तीन-चार डाळी, काळं तिखट आणि वर लालभडक तेलाचा तवंग. चिरंजीव डाव्या हातात मोबाईल धरून उजव्या हातानं भाकरी चुरत होते. कोपर लागलं, वाटी पालथी. टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून फरशीवर.

सांडतं. माझ्याही हातून सांडतं. त्याचं काही नाही.

पण त्यानं पाय वर घेतले हो! दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि म्हणाला, "असू दे काकू, उद्या मावशी येतील ना." परत मोबाईलमध्ये डोकं. वडिलांनी त्या आमटीवर एक पेपर नॅपकिन टाकला, पंचनामा होईपर्यंत झाकून ठेवतात तसा. बायको भाकरी अर्धी टाकून उठली.

वर त्याच्या आईचा सल्ला: "डाग राहिला तर ॲसिड टाका थोडं, त्यात ब्लीचिंगही घाला, चकाचक होतं." तिथं माझं टाळकं सरकलं. बाई, ॲसिडमध्ये ब्लीचिंग घातलं की क्लोरीन वायू निघतो. खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात हा प्रयोग केलात तर डाग राहील फरशीवर आणि तुम्ही असाल दवाखान्यात. एवढं बोललो आणि बायकोनं टेबलाखालून पाय दाबला.

ॲसिड म्हटलं की मला एकच गोष्ट आठवते. माझ्या जुन्या मित्रांनी ती दहादा ऐकलीय, अकराव्यांदा ऐका.

मी नववीत होतो. साखर पेठेतलं आमचं जुनं घर, खाली शाबादी फरशी. ताईच्या हळदीच्या दिवशी वाटी कलंडली, तेलात कालवलेली हळद माजघराच्या मधोमध. दोन मावश्या कपड्याचा साबण घेऊन धावल्या आणि घासायला लागल्या, तर पिवळा डाग लालभडक झाला. बायका चरकल्या. एक म्हातारी तर अपशकुन म्हणून मोकळी झाली. अपशकुन कसला, साबण, सोडा, चुना असलं क्षार काही लागलं की हळद लाल होते. चुना-हळदीचं कुंकू करतात ते याच जोरावर. पण त्या दिवशी हे कोण सांगणार?

मग घरातला हुशार मुलगा उठला. म्हणजे मी. कोपऱ्यावरच्या दुकानातून फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली आणली आणि ओतली. लाल रंग झटक्यात पिवळा झाला आणि फसफसून पांढरा फेस आला. मला वाटलं, बघा, मळ निघतोय! मळ कुठला, फरशीच निघत होती. शाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की विरघळतो आणि फेस येतो. वाळल्यावर ताटाएवढा पांढराफटक, खरखरीत चट्टा. वर्षानुवर्षं पायांनी घासून तुकतुकीत झालेल्या काळपट फरशीच्या बरोबर मध्ये. आणि गंमत म्हणजे त्या चट्ट्यात हळदीचा पिवळेपणा तसाच.

आई ओरडली नाही. जोंधळ्याच्या पिठाचा पत्र्याचा डबा सरकवत आणला आणि त्या चट्ट्यावर ठेवला. तो डबा पुढं तिथून हलला नाही. माजघराच्या मधोमध डबा! येणारा-जाणारा अडखळायचा, आई म्हणायची, "राहू दे, तिथंच बरा हाय."

तर मुद्दा काय, उद्यावर ढकलायचं नाही. टाइलला काही होत नाही, व्हिट्रिफाइड टाइल पाणीसुद्धा जवळजवळ पीत नाही. पण दोन टाइलमधली सांध सिमेंटची असते, ती पिते. सोमवारी मावशी येईपर्यंत तेल आणि हळद सांधीत उतरलेली असते, आणि मग त्या बिचाऱ्या तारेची घासणी घेऊन गुडघ्यांवर बसतात. ज्यानं सांडलं तो तेव्हा हिंजवडीत एसीत.

आई आधी घट्ट भाग उलथन्यानं उचलायची, कडेकडून मध्ये. फडकं लगेच फिरवलं तर वाटीभर डागाची परात होते, असं तिचं म्हणणं. मग वर जोंधळ्याचं पीठ भुरभुरायची. दहा मिनिटांत पीठ तेल ओढून घेतं, गोळा होतं, केरसुणीनं उचलायचं. शेवटी कोमट पाणी, साबण नावाला, आणि जुन्या चादरीचं फडकं. सोलापुरी चादर अंगावरून उतरली की फरशीवर येते, आमच्याकडं अजून तसंच आहे. यात बादलीभर पाणी कुठंच नाही, बघा. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात पाणी ओतून फरशी धुणं ही चैन आहे.

मॉप वाईट नाही, मान्य. गुडघे दुखणाऱ्यांना बराच. पण तेलकट आमटीवर फिरवलात तर घरभर आमटी पसरते, एवढंच.

आणि पोराचाही सगळा दोष नाही, तेही मान्य. घरात त्याला कुणी पुसायला लावलंच नसेल. पण सत्तावीस वर्षं! या वयात आमच्या गिरणीतल्या मामांना दोन पोरं होती. (याचा इथं काही संबंध नाही, माहितेय. राग आहे.)

आता खरं सांगायचं तर मघापासून एक गोष्ट टाळतोय. ती वाटी सांडली तेव्हा सगळ्यात जवळ मी होतो. बायको पलीकडच्या टोकाला. तिला टेबलाला वळसा घालून यावं लागलं. आणि मी काय केलं? खुर्ची मागं सरकवली, तिला वाकायला जागा व्हावी म्हणून. त्या पोरानं पाय वर घेतले, मी खुर्ची मागं घेतली. फरक फार नाही.

त्या हळदीच्या दिवशीही ॲसिड ओतायला मी पुढं होतो. डबा ठेवण्याआधी तो चट्टा नारळाच्या शेंडीनं दोन दिवस घासत आई बसली होती. मी पतंग उडवायला गेलो होतो.

पाहुणे गेल्यावर मी बसलो खाली. बायकोनं पुसलंच होतं, पण सांधीत पिवळी रेघ राहिलीय, वीतभर. बाल्कनीच्या दाराजवळच आहे, सकाळी दोन तास ऊन येतं तिथवर. शर्टावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, तसा हाही चार-आठ दिवसांत उडेल. टेबल सरकवून ठेवलंय. बायको बघून हसली, बोलली काही नाही.

मग आईला फोन केला. ती ताईकडं असते आता. सगळं ऐकून तिचा पहिला प्रश्न, "पीठ टाकलास का आधी?"

"घाईत राहिलं."

"कोण पुसलं?"

मी गप्प. तीही थोडा वेळ गप्प.

"मग बघ उन्हाची वाट. आणि काय रे, घरात ॲसिडची बाटली ठेवला नाहीस ना?"

नाही म्हटलं. न्हाणीघरात आहे एक, फळीवर, अर्धी भरलेली.