त्या वाटसरूला उगाच उदास करू नका

एकोणिसाव्या शतकातलं जपानी शाईचित्र, बर्फातून चाललेला एकटा माणूस. झालं, लगेच 'झेन', 'शून्यता', 'एकाकीपण' सुरू. आधी कागद आणि शाई तरी बघा!

त्यातला बर्फ बहुतेक वेळा रंगवलेलाच नसतो, तो कोरा कागद असतो. टोपीच्या आणि टेकडीच्या बाहेरून पातळ राखाडी शाई फिरवली की आतला भाग आपोआप उजळ दिसतो. जपानीत याला सोतोगुमा म्हणतात. हातात दोन ब्रश लागतात, एक शाईचा, एक नुसत्या पाण्याचा. शाई ओली असतानाच पाण्याच्या ब्रशने कड विरवायची. उशीर झाला की तिथे रेघ बसते, ती मग निघत नाही.

कागद कच्चा असेल तर शाई फुटते, म्हणून त्यावर आधी सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात देतात. तुरटी जास्त पडली तर कागद आम्लामुळे पुढे ठिसूळ होतो. शाई म्हणजे काजळी आणि सरसाची वडी. दगडावर थेंब थेंब पाणी घालत, चंदन उगाळतो तशी हलक्या हाताने उगाळायची. जोर लावला की कण भरड राहतात. आणि लागेल तेवढीच उगाळायची, कारण शिळ्या शाईतला सरस कुजतो, काळा रंग निस्तेज होतो आणि चित्राच्या पाठीला आधाराचा कागद चिकटवताना रेषा पसरते.

वाटसरूच्या अंगावरचा मिनो, म्हणजे पेंढ्याचं इरलं, मात्र कोरड्या ब्रशचं काम. फडक्यावर टिपून टोक फाकवायचं आणि खाली ओढायचं. तिथे ओला ब्रश लागला की पेंढ्याचा चिखल होतो.

राहता राहिला त्याचा एकटेपणा. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो जाणारा तोकाइदो हा साधारण ५०० किलोमीटरचा, ५३ मुक्कामांचा गजबजलेला रस्ता. पेंढ्याच्या चपला लवकर झिजायच्या, म्हणून त्या वाटेवरच विकायला असायच्या. अशा काळात रस्ता रिकामा दिसतो तो चित्रकाराने गर्दी काढून टाकल्यामुळे.

शिवाय यातली कित्येक चित्रं भिंतीवर लावण्यासाठी नव्हतीच, ती छपाईसाठी काढलेली असायची. छापायचं चित्र लाकडी ठोकळ्यावर उलटं चिकटवून कोरायचे, त्यात मूळ कागद नष्ट व्हायचा. ब्रिटिश म्युझियमने २०२० मध्ये घेतलेली जपानी चित्रकार होकुसाईची १०३ रेखाटनं वाचली, कारण ती ज्या पुस्तकासाठी काढली होती ते छापलंच गेलं नाही. होकुसाई बऱ्याचदा आधी लाल शाईने आखणी करायचा. त्याच्या कच्च्या रेखाटनांत काळ्या रेषेखाली ती लाल रेघ डोकावते, आणि हात नेमका कुठे बदलला ते तिथे कळतं.