‘डिझेल ऑटोमॅटिक अंगावर येते’ म्हणे!

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच जणांकडून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, शिवाय ऑफिसातल्या तिघांनी काळजीपोटी वेगवेगळा. वर तीन लाल दिवे आणि ‘सावधान’. मजकूर थोडक्यात असा: डिझेल ऑटोमॅटिक गाडी रेसला नुसता पाय लागला तरी उडी मारते, हा कंपन्यांनी लपवलेला दोष आहे, पेडलचा सेन्सर धुळीने आणि दमट हवेने बिघडतो आणि गाडी आपली आपण पळत सुटते. त्यावर पाच उपाय. पंधरा मिनिटं बॅटरीची वायर काढून ठेवा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दोन्ही पायांनी चालवा, डावा ब्रेकवर, उजवा रेसवर. प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करा. पेडलला जोडायचा एक छोटा डबा बाजारात मिळतो, तो बसवा. आणि तेवढे पैसे घालायचे नसतील तर पेडलखाली स्पंजचा तुकडा किंवा आणखी एक जाड मॅट टाका.

मी दोन वर्षं अशीच गाडी मुलुंड ते लोअर परळ चालवतेय. त्याआधी एकोणीस वर्षं गिअरची. नवी गाडी घरी आली त्या आठवड्यात दादरहून सासूबाईंना आणि त्यांच्या आमटीच्या डब्याला घेऊन निघाले, आणि सायनच्या सिग्नलला पहिल्याच गचक्यात डबा लवंडला. डिकीचा वास महिनाभर गेला नाही. सासूबाई मागच्या सीटवरून “अगं हळू गं, मान मोडेल माझी” एवढंच म्हणाल्या, पण पुढचे पंधरा दिवस त्या लोकलने फिरल्या. तेव्हा तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मेसेजमध्ये तक्रार तेवढी खरी आहे. कारण चुकीचं आहे, आणि उपायांतले दोन तर जिवावर बेतणारे आहेत.

आधी ‘लपवलेल्या दोषा’बद्दल, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

गिअरच्या गाडीत सुरुवातीचा गुळगुळीतपणा आपला डावा पाय आणत असतो. क्लच अर्धा सोडून इंजिनाची ताकद किती पुढे जाऊ द्यायची हे तो पाय ठरवतो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आपल्याला ते जाणवतही नाही. ऑटोमॅटिकमध्ये (मी बोलतेय ती टॉर्क कन्व्हर्टरवाली) हे काम तेलाने भरलेला एक भोपळा करतो. ब्रेक सोडला की रेस न देताही गाडी माणूस भरभर चालेल त्या वेगाने सरकते, ती या भोपळ्यामुळे. शिवाय गाडी उभी असते तेव्हा तो इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट करून पुढे पाठवतो. त्यात इंजिन डिझेलचं. साध्या पेट्रोल इंजिनाचा पूर्ण जोर मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो, टर्बो (म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) लावलेल्या डिझेलचा १५०० ते २००० मध्येच. वर सहा गिअरच्या पेटीत पहिला गिअर साधारण चारास एक, म्हणजे तो जोर आणखी चौपट. हे तीन गुणाकार एकाच वेळी होतात ते नेमके पहिल्या दहा फुटांत, म्हणजे मुंबईत आपण जिथे सगळा दिवस काढतो तिथे.

पण गचक्याचं खरं मूळ मला वाटतं टर्बोत आहे. टर्बो फिरतो धुराच्या जोरावर, आणि इंजिन आठशे फेऱ्यांवर गुरगुरत असताना धूर तो किती असणार? आपण पाय टेकवतो, अर्धा-पाऊण सेकंद काहीच होत नाही. मागचा टेम्पो हॉर्न मारतो. आपण पाय आणखी खाली नेतो. तेवढ्यात टर्बोला जाग येते आणि तो दुसऱ्या, मोठ्या मागणीला उत्तर देतो. आपण एकदा कमी मागितलं, मिळालं नाही म्हणून जास्त मागितलं, आणि गाडीने सगळं एकदम ताटात वाढलं. ज्याला आपण ‘पेडल फार हलकं आहे’ म्हणतो ते पुष्कळदा ‘पेडल उशिरा ऐकतं’ असं असतं. दोन्हींचे उपाय उलट आहेत, म्हणून हा फरक सांगायचा.

पेडलपासून इंजिनापर्यंत आता तार नसते. पेडल म्हणजे नुसता मागणीचा अर्ज. किती डिझेल फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्या अर्जाचा अर्थ कसा लावायचा याचा तक्ता कंपनीने भरलेला असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो सुरुवातीलाच चढा असतो: पाव पेडल दाबलं तर पावापेक्षा जास्त ताकद. स्पोर्ट मोडमध्ये आणखी चढा, इकोमध्ये सपाट. शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीत गाडी चटपटीत वाटावी म्हणून हे केलेलं असावं असा माझा संशय आहे. याला आवडनिवड म्हणा, लबाडी म्हणा. बिघाड मात्र नाही.

राहिला सेन्सर. पेडलमध्ये सेन्सर एक नसतो, दोन असतात, आणि दोघे एकच गोष्ट वेगवेगळ्या आकड्यांत सांगतात. कॉम्प्युटर सतत दोघांची जबानी ताडून पाहतो. जुळली नाही की तो दोघांवरचा विश्वास काढून घेतो, डॅशबोर्डवर दिवा लावतो आणि गाडी लंगडत चालवतो. म्हणजे सेन्सर बिघडला तर बहुतेक वेळा गाडी पळत नाही, रुसते.

‘गाडी आपोआप पळाली’ हा आरोप नवा नाही. १९८६ च्या सुमाराला अमेरिकेत ऑडी ५००० वर हाच होता. १९८९ साली तिथल्या सरकारी वाहनसुरक्षा खात्याच्या अहवालाने अशा घटनांचं मुख्य कारण सांगितलं ते म्हणजे ब्रेकऐवजी रेसवर पडलेला पाय. ब्रेक दाबल्याशिवाय पी मधून (पार्किंगमधून) गिअरचा लिव्हर हलत नाही, ही आज आपल्याला साधी वाटणारी सोय त्या गदारोळानंतर रुळली. पुढे टोयोटावर तसेच आरोप झाले तेव्हा ‘नासा’च्या इंजिनिअरांनी इलेक्ट्रॉनिक्स पिंजून काढलं. फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष आला: गाड्या भरधाव सुटाव्यात असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. काय सापडलं होतं, ते खाली स्पंजच्या मुद्द्यात येतंच.

एका बाबतीत मेसेजवाल्याला मी थोडा आधार देते. गाडी काही दिवशी जास्त ‘चढलेली’ वाटते, हा भास नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला. तो भरला की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, आणि त्या वेळात कित्येक गाड्यांचं इंजिन उभ्या जागी नेहमीपेक्षा वरच्या फेऱ्यांवर चालतं. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतानाही थोडा फरक पडतो. रोज चार किलोमीटर रांगत जाणाऱ्या गाडीत हा फिल्टर लवकर तुंबतो. आठवड्यातून एकदा पूर्व द्रुतगती मार्गावर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवली की माझी गाडी माणसात येते.

आता दोन पायांचा सल्ला. आमच्या बी विंगमधल्या काकांनी तो मनावर घेतला. चाळीस वर्षं क्लच दाबलेला पाय त्यांचा. असा पाय अर्धवट दाबायला शिकलेलाच नसतो. त्याला एकच ठाऊक, तळाला जाणं. सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना कुत्रं आडवं आलं, डावा पाय क्लचच्या सवयीने खाली गेला आणि गाडी जागच्या जागी खिळली. काकूंचा चष्मा पुढे, मागची रिक्षा बंपरला. काका मात्र उतरून म्हणाले, “बघा, गाडीत दोष आहेच!”

रेसिंगवाले डाव्या पायाने ब्रेक लावतात हे खरं, पण ते तेवढ्यासाठी महिनोन्महिने घाम गाळतात. आपला डावा पाय ब्रेकवर नुसता टेकून राहिला तरी मागचे लाल दिवे पेटलेले राहतात, आणि मग आपण खरोखर कधी थांबतोय हे मागच्याला कळायला मार्ग नाही. ब्रेक तापतात. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत दोन्ही पेडल एकत्र दाबली की कॉम्प्युटर ब्रेकचं ऐकतो आणि ताकद तोडतो. मग फ्लायओव्हरवर चढताना लोक म्हणतात, गाडी मध्येच मरते. मरते कशाची, तुम्हीच तिचा गळा धरलाय. डाव्या पायासाठी डावीकडे विसाव्याची जागा दिलेली असते. त्याने तिथेच बसावं.

बॅटरीची वायर काढून पेडलचा तक्ता बदलत नाही. तो कायमच्या स्मृतीत असतो, वीज गेली म्हणून पुसला जात नाही. पुसलंच काही, तर काही गाड्यांत गिअरपेटीने तुमच्या सवयीप्रमाणे शिकलेलं थोडंफार जातं, आणि मग दोन-चार दिवस गचके वाढतात.

सिग्नलला न्यूट्रल? लांबच्या सिग्नलला पायाला आराम म्हणून करा, हरकत नाही. पण गचका कमी करायला नव्हे. हिरवा दिवा दिसल्यावर घाईघाईने डी (पुढे जायचा गिअर) टाकून त्याच झटक्यात रेस देणारे मी रोज बघते. इंजिन आधीच वरच्या फेऱ्यांवर असताना गिअर पडला की गाडी उडी मारणारच, आणि पेटीला जो धक्का बसतो तो वेगळाच.

पेडलला जोडायचा डबा ही सपशेल फसवणूक नाही, हे कबूल. तो पेडल आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसतो आणि अर्जातला आकडा बदलून पुढे पाठवतो. ताकद एका थेंबाने वाढत नाही. बहुतेक लोक तो गाडी तिखट करायला घेतात. काहींत सौम्य करायचीही सोय असते. पण सौम्य करायला गाडीत इको मोडचं बटण फुकट आहे, आणि ते दाबल्याने वॉरंटीचा वाद होत नाही. दोन सेन्सरांची जबानी ताडणाऱ्या यंत्रणेत आपण होऊन तिसरा साक्षीदार का घुसवायचा?

स्पंजवर मात्र मी खरंच चिडले. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच लेक्सस नावाच्या एका गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती. तिच्यात रेसचं पेडल अडकलं आणि गाडीतले चौघेही गेले. त्यानंतर टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी मॅटची सूचना काढली. पेडलखाली, पेडलशेजारी, पेडलवर कुठलीही सैल वस्तू नको, हे इतकं महाग शिकलेलं आहे. आणि आपल्याकडे पावसाळ्यात कार्पेटच्या मॅटवर रबरी, तिच्यावर वर्तमानपत्र आणि त्यावर ओल्या चपला असा थर असतोच! मॅट एकच ठेवा, तीही खालच्या हुकात अडकवलेली. स्पंज ब्रेकखाली सरकला तर काय होईल हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा डोळे मिटून पाहावं.

कधी पेडल अडकलंच तर ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने दाबून ठेवायचा, पंप करायचा नाही, आणि लिव्हर न्यूट्रलला. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. चालत्या गाडीत आधीच इंजिन बंद केलं तर स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेकची मदतही संपत जाते.

मग करायचं काय? मला ज्याने फरक पडला ते सांगते. टाच जमिनीवर टेकलेली, आणि हालचाल फक्त घोट्यातून. त्यासाठी सीट एक खाच पुढे घ्यावी लागली. पाय लांबवून चालवलं की सगळी मांडी पेडलवर येते. पातळ तळव्याचे बूट. निघताना आधी ब्रेक हळू सोडायचा, गाडी आपली आपण सरकू द्यायची, आणि ती हलल्यावर रेसवर पाय टेकवायचा. टेकवला की तिथेच थांबायचं. टर्बोला जाग येईपर्यंत मागचा टेम्पो कितीही बोंबलो. सोडतानाही पाय उचलायचा नाही, सैल करायचा. मागच्या सीटवर बसलेल्यांच्या माना निम्म्या वेळा सोडतानाच हलतात.

पार्किंगमध्ये ऑटो होल्ड (थांबलेल्या गाडीचा ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद. तो चालू असला की गाडी थांबल्यावर सरकतच नाही, रेस दिल्याशिवाय ब्रेक सुटत नाही, आणि भिंत दोन फुटांवर असताना नेमकी उडी बसते. सोसायटीच्या पोडियम पार्किंगच्या चढावर वर पोचण्याआधी गाडीभर अंतरावरच पाय सैल करायचा, कारण टर्बो तुमच्यापेक्षा थोडा उशिरा थांबतो आणि आमच्याकडे चढ संपतो तिथेच वॉचमनची खुर्ची आहे.

एवढं करूनही डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागत असेल, उभ्या गाडीत पाय न लावता फेऱ्यांचा काटा वर-खाली होत असेल, किंवा पेडल दाबल्यावर परत वर यायला चिकटत असेल, तर तो पायाचा दोष नाही. गाडी सर्व्हिस सेंटरला न्या आणि स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा, तोंडी निदान घेऊ नका.

बी विंगच्या काकांबरोबर मी दोन रविवारी सकाळी साडेसहाला गेले. रिकाम्या रस्त्यावर तासभर फक्त निघणं आणि थांबणं. दुसऱ्या रविवारी डावा पाय जागेवर बसला. स्पंज मात्र त्यांनी अजून डिकीत जपून ठेवलाय. गाडी पुसायला बरा पडतो म्हणतात.