काका, ठिपक्यांची ओळ चुकली हे मान्य, बेल्टचं मात्र नाही पटलं

काका नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले. जुनं टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) दुरुस्त केल्याच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट वाचली त्या दिवशी राग आला, दुसऱ्या दिवशी टर्नटेबल परत उघडून बसलो, आणि रात्री लक्षात आलं की निम्म्या गोष्टीत तुमचंच बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात नाही, म्हणून हे एवढं लांबण.

ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी: परभणीचे हे काका, तीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की मी फोटोत स्ट्रोबच्या (स्पीड तपासायच्या ठिपक्यांच्या) भलत्याच ओळीवर बोट ठेवलंय, आधी पॉट साफ करायचा सोडून सरसकट कपॅसिटर बदलून पोरांना चुकीचं शिकवायलोय, शिलाई मशीनचं तेल घालून बेअरिंगची वाट लावलीय, आणि मुळात डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरच थेट तबकडी फिरवते ते) म्हणजे डीजेवाल्यांचं यंत्र, शास्त्रीय ऐकणाऱ्यानं बेल्टचंच (मोटर रबरी पट्ट्यानं तबकडी फिरवते ते) घ्यावं.

आधी ओळीचं, कारण तिथं माझी पार फजिती झालीय.

हा सेट जालन्यातल्याच एका घरातून मिळाला. त्या घरातले मोठे जेद्दाहला कामाला होते, सुट्टीवर येताना घेऊन आलेले. सौदीत लाईट ६० हर्ट्झची, आपल्याकडं ५० ची. त्यामुळं प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीच्या) काठावर ठिपक्यांच्या चार ओळी आहेत, मिनिटाला ३३⅓ आणि ४५ फेऱ्यांच्या स्पीडसाठी ५० हर्ट्झच्या दोन आणि ६० हर्ट्झच्या दोन. शेजारचा तो निऑनचा बारका दिवा आपल्या लाईटवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि ३३⅓ च्या स्पीडला १८० ठिपक्यांची ओळ जागच्या जागी उभी दिसते. ६० हर्ट्झच्या ओळीत ठिपके २१६. मी बघत होतो ती ही २१६ वाली! त्यामुळं स्पीड बरोबर असतानाही मला ठिपके पुढं पळताना दिसायचे, मला वाटायचं मोटर जोरात फिरायलीय, म्हणून आतला ट्रिमपॉट (स्पीड लावायचा बारका स्क्रू) फिरवत फिरवत मी ते ठिपके एकदाचे थांबवले आणि खुश होऊन फोटो टाकला. आता हिशोब करा, १०० गुणिले ६० भागिले २१६, म्हणजे मिनिटाला जवळपास २७.८ फेरे. सहावा हिस्सा स्पीड गायब. तीन अर्ध्या सुरांहून जरा जास्तच खाली, म्हणजे पेटीच्या काळी चारची गाणारी बाई पांढरी चारलाही पोचेना.

वर लाज वाटायची गोष्ट ही की आईनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. स्वयंपाकघरातून ओरडली, "ह्या बाईला पडसं झालंय का रे?" मी म्हणलं आई, रेकॉर्ड जुनी आहे. तीन आठवडे आम्ही तसंच ऐकलं.

रविवारी परत लावून घेतलं, ह्या वेळी बरोबर ओळीवर. आणि मेनच्या लाईटवर, इन्व्हर्टरवर नाही. हे आपल्याकडच्यांनी लक्षात ठेवा बुवा, कारण दुपारी लाईट गेली की आपण सवयीनं इन्व्हर्टरवरच काम रेटतो. घरच्या इन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० असेलच असं नाही, आणि हा निऑनचा दिवा फ्रिक्वेन्सी तिथूनच उचलतो. ग्रिडची लाईट साधारण ४९.९० ते ५०.०५ च्या आसपास राहते, तेवढा फरक कुणाच्या कानाला कळत नाही. क्वार्ट्झ लॉकवाल्या (क्रिस्टलच्या ठोक्यावर स्पीड धरणाऱ्या) मॉडेलची गोष्ट वेगळी, तिथं स्ट्रोब बऱ्याचदा क्रिस्टलवरच चालतो, पण माझं साधं सर्वोवालं आहे.

आणि व्हिडिओत ठिपके थरथरतात म्हणालात ना, तो मोबाईलचा दोष आहे. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, दिवा लुकलुकतो १००, जुळणार कसं? डोळ्यानं बघितलं तर आता ठिपके खिळा ठोकल्यासारखे उभे आहेत.

आता कपॅसिटर. सरसकट बदलायचे नाहीत हे मला मान्य आहे आणि मी सगळे बदललेले पण नाहीत, पोस्ट लिहिताना "कपॅसिटर बदलले" असं ठोकून दिलं ती लिहिण्यातली चूक. बदलले पाच. त्यातला पॉवर सप्लायचा मोठा, १००० मायक्रोफॅरॅडचा, वरून फुगलेला होता आणि बुडाशी बोर्डावर तपकिरी डाग, हात लावला तर चिकट. तो काढायचाच होता. बाकी चार त्याच्या शेजारचे, गरम होणाऱ्या ट्रान्झिस्टरला चिकटून बसलेले. चाळीस वर्षं झालेला इलेक्ट्रोलायटिक, त्यात आपला मे महिना, आतलं पाणी सुकणारच. संभाजीनगरच्या पैठण गेटला मोबाईलवाल्यांच्या गर्दीतून १०५ डिग्रीवाले शोधून आणले, व्हॅल्यू तीच, व्होल्टेज एक पायरी वर.

पण खरी मेख तुम्ही म्हणालात तिथंच निघाली. आवाज लाटा मारल्यासारखा हलायचा तो कपॅसिटरनं थांबलाच नाही. तो थांबला पिच कंट्रोलचा पॉट (स्पीड जरा कमीजास्त करायचं बटण फिरवतं तो भाग) साफ केल्यावर. कार्बनच्या पट्टीवर काळपट थर बसलेला, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवला, झालं काम. शंभर-दीडशेच्या बाटलीचं काम आणि मी आधी सोल्डरिंग गन तापवून बसलो. पोस्टमधला क्रम बदललाय आता, आधी पॉट आणि स्विच, मग बाकीचं. काढलेले जुने पार्ट फेकले नाहीत, श्रीखंडाच्या डब्यात नाव लिहून ठेवलेत, त्यामुळं "मूळपणा घालवला" म्हणत असाल तर मूळपणा डब्यात सुखरूप आहे.

तेलाचं मात्र मी ऐकणार नाही. बेअरिंगला हलकं, साधं मिनरल तेल लागतं, तेही दोनच थेंब, आणि चांगल्या शिलाई मशीनचं तेल तेच असतं. आधी कुणीतरी आत खोबरेल सोडलं होतं (वासावरून सांगतो, चाळीस वर्षांनी पण वास येत होता), त्याचा डिंक झालेला. स्पिंडल ओढून काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तीनदा पुसला, कापूस पांढरा निघेपर्यंत, मग तेल. गंजावर मारायचा फवारा काहीजण सुचवतात तो काहून मारायचा? तो उडून जातो आणि आधीचं तेलही धुऊन नेतो.

राहिलं डीजेचं. काका, टेक्निक्स ह्या जपानी कंपनीनं एसपी-१० हे डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणलं १९७० ला, ते रेडिओ स्टेशन-स्टुडिओसाठीचं होतं. एसएल-१२०० आलं १९७२ ला, घरच्या हायफायसाठी. डीजेवाल्यांनी ते नंतर उचललं आणि १९७९ च्या एमके२ ह्या सुधारित मॉडेलनंतर ते त्यांचंच होऊन गेलं. म्हणजे यंत्र आपल्यासारख्यांसाठीच केलेलं, पळवलं त्यांनी.

मोटरची घरघर सुईत येते म्हणता, तर डायरेक्ट ड्राइव्हची मोटर प्लॅटरच्याच स्पीडनं फिरते, मिनिटाला ३३ फेरे आणि वर तिसरा हिस्सा. दोन सेकंदाला एक फेरा धरा. बेल्टवाली बारकी मोटर मिनिटाला शेकड्यानं फिरते, तिची थरथर बेल्ट अडवतो म्हणून चालतं. स्वस्तातल्या डायरेक्ट ड्राइव्हला कॉगिंग जाणवतं हे खरंय, मोटरचे पोल एकेक करून ओढल्यासारखे, ते मी नाकारत नाही. पण बेल्ट आपल्याकडच्या उन्हाळ्यात? माझ्या आधीच्या सेटचा बेल्ट पत्र्याच्या खोलीत पहिल्या मे मध्ये सैल झाला आणि दुसऱ्यात पुलीला चिकटून काळ्या च्युइंगमसारखा हाताला आला, नखातून काढायला दोन दिवस. जालन्यात ४२ च्या वर पारा गेल्यावर मला रबरावर विश्वास ठेवायचा नाही, बाकी पुण्या-मुंबईवाल्यांनी खुशाल ठेवावा.

एक विचारायचं राहिलं. डावा चॅनेल मधूनच जातो, टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) पुढच्या भागाला बोट लावलं की परत येतो. मी तारांवर संशय धरून बसलोय, पण तुमची कमेंट वाचल्यापासून आधी हेडशेलच्या (दांड्याच्या टोकाला सुई बसवायच्या तुकड्याच्या) त्या चार पिना घासून बघाव्यात असं वाटायलंय. खोडरबरनं घासू का दुसरं काही वापरता तुम्ही?