डोडो मूर्ख नव्हता

डोडो या नामशेष झालेल्या, न उडणाऱ्या पक्ष्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "माणूस समोर आला तरी पळायचा नाही, मग संपणारच की!" हे ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. डोडोचं घर असलेल्या मॉरिशस बेटावर मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. डोडोने पळायचं कुणापासून?

त्याचे पूर्वज कबुतराच्या कुळातले, उडतच तिथे पोचलेले. पण उडणं महागात पडतं. छातीचे ते जाडजूड स्नायू बसल्या जागीही ऊर्जा खातात. जमिनीवर अन्न आहे, मागे कुणी लागत नाही, अशा ठिकाणी हा खर्च ज्याचा कमी, त्याची पिल्लं जास्त जगतात. असंख्य पिढ्यांनी पंख नावापुरते उरतात. याला मी काटकसर म्हणेन. 1598 मध्ये डच उतरले, जहाजांबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली आणि शंभर वर्षांच्या आत डोडो नाहीसा झाला. ज्या शत्रूंशी कधी गाठच पडली नव्हती, त्यांच्यासाठी तयार कसं राहायचं?

बेटावर आकारसुद्धा बदलतो. सिसिलीत एके काळी जेमतेम मीटरभर उंचीचे हत्ती होते, अगदी पूर्ण वाढ झालेले! चारा मोजका आणि मोठा शिकारी नाही, मग अवाढव्य देह पोसायचा कशाला? उंदरांसारखे छोटे प्राणी मात्र पुष्कळदा उलट मोठे होतात.

हे सगळं लाखो वर्षांत घडतं असं वाटत असेल तर गालापागोसमधलं डॅफ्ने मेजर हे चिमुकलं बेट बघा. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्याने तिथले फिंच पक्षी वर्षानुवर्षं पकडून, मोजून, पायात कडी घालून सोडले. 1977 मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक, मऊ बिया लवकर संपल्या आणि उरली सराट्याच्या जातीची कडक, काटेरी फळं. ती फोडायला जाड चोच लागते. बहुतेक फिंच मेले. जगले त्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने जास्त जाड होती, आणि पुढच्या पिढीत ती जाडी उतरली. काही वर्षांनी धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं आणि लहान चोचीवाल्यांचे दिवस आले. अर्ध्या मिलिमीटरवर जगणं-मरणं ठरतं, हे मला आजही थक्क करतं.

म्हणूनच 'दुबळे होते, संपले' हा युक्तिवाद मला मान्य नाही. न्यूझीलंडचा काकापो हा न उडणारा पोपट धोका दिसला की जागच्या जागी थिजतो. आभाळातून नजरेने सावज हेरणाऱ्या शिकारी पक्ष्यांपुढे ही युक्ती उत्तम होती. पण माणसाने सशांचा बंदोबस्त करायला स्टोट नावाचे छोटे, चपळ शिकारी आणून सोडले, आणि ते वासावर शिकार करतात. थिजून उभा राहिलेला काकापो त्यांच्या आयताच तोंडी पडला. 1995 मध्ये फक्त 51 काकापो उरले होते.

तिथल्या लोकांनी शिकारी प्राणी हटवलेल्या बेटांवर त्यांना नेलं, पक्ष्यांना ट्रान्समीटर लावले, घरट्यांवर रात्र रात्र पहारा केला. आज काकापो दोनशेच्या वर आहेत. बेटांवरचे उंदीर, मांजरं, स्टोट हटवायच्या मोहिमांना खर्च फार येतो, त्यात जनावरं मारावी लागतात, आणि ती टोचणी मलाही आहे. तरीही वन्यजीवांसाठीचा पैसा आधी बेटांवर लागावा असं माझं ठाम मत आहे. मुख्य भूमीवर एका जंगलातून गेलेली जात दुसऱ्या जंगलात सापडू शकते. बेटावरच्या जातीला बहुधा दुसरं घरच नसतं.