शाल-श्रीफळापायी थिओ गेला

सिनेमाच्या पत्रिकेवर 'सहा वाजता, वेळेवर' असं ठळक छापलेलं वाचून मी पावणेसहाला जाऊन खुर्ची धरली. मूर्ख मी!

सहाला स्टेजवर समई आली. वात पेटेना, कारण वर पंखा गरगरतोय. मग पंख्याचं बटण शोधा. आधी ट्यूबलाइट गेल्या, मग माइक गेला, पंखा फिरतोच आहे. मग शाल, श्रीफळ, गुच्छ. मग पाहुण्यांचे 'दोन शब्द', चाळीस मिनिटं, त्यातली तीस चित्रकार व्हॅन गॉगनं कापलेल्या त्या कानावर! डावा की उजवा, कुणाला नेऊन दिला... अहो, तो माणूस चित्रंही काढायचा हो.

सात वीसला एकदाचा 'व्हिन्सेंट अँड थिओ' लागला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि त्याचा भाऊ थिओ यांच्यावरचा, रॉबर्ट ऑल्टमनचा, १९९०चा. हाफ डे टाकून आलो होतो यासाठी. सुरुवातच काय आहे! १९८७ साली लंडनला व्हिन्सेंटचं 'सूर्यफुलं' हे चित्र लिलावात निघालं, ती बोली. आकडा कोटींच्या कोटी पौंड चढतोय, आणि तोच आवाज चालू असताना समोर कळकट खोलीत पडलेला व्हिन्सेंट, म्हणजे टिम रॉथ. अंगावर काटा आला. तेवढ्यात मागून काका बायकोला : "आता कान कापणार बघ." पुढे दर दहा मिनिटांनी हेच. प्रत्यक्ष कापला तेव्हा काका फोनवर.

तेही गिळलं. पण साडेनऊला हॉल सोडायचा होता म्हणे. तिकडे व्हिन्सेंटनं प्राण सोडला आणि इकडे फटाफट दिवे! पडद्यावर पांढुरकं काहीतरी हलतंय आणि माइकवर आभारप्रदर्शन. सतरंजीवाल्यांपासून सगळ्यांचे आभार.

मी उठून ओरडलो, "अहो, थिओ मरायचाय अजून!" लोक हसले. संयोजक म्हणाले, "शेवट काय, सगळ्यांना माहीतच असतो."

माहीत असतो? विचारा तिथल्या कुणालाही. पॅरिसमध्ये दुसऱ्याच्या दुकानात चित्रं विकून जो दर महिन्याला भावाला पैसे पाठवत राहिला, तो थिओ व्हिन्सेंट गेल्यावर सहा महिन्यांत, १८९१च्या जानेवारीत, ३३व्या वर्षी गेला. पुरला हॉलंडमध्ये, उट्रेख्टला. १९१४ साली बायकोनं, योहानानं, त्याला फ्रान्समध्ये ओव्हेरला आणून व्हिन्सेंटशेजारी ठेवला. व्हिन्सेंटची साडेसहाशेच्या वर पत्रं थिओनं जपली. थिओची व्हिन्सेंटकडे गेलेली? जेमतेम चाळीस उरलीत. याला कायम कात्रीच! आणि इथे तर सिनेमाच्या नावातच दोघं आहेत हो, निम्मं नाव त्याचं आहे. समई पाच मिनिटांत पेटली असती, दोन शब्द खरंच दोन असते, तर पॉल ऱ्हीसनं रंगवलेला तो थिओ पुरता बघून घरी गेलो असतो.

बाहेर जिन्यात एका बाईंनी अभिप्रायाचा कागद आणि पेन हातात दिलं. पेन उमटत नव्हतं.