आधी मागचं वाच ना बे!

सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठवड्यात तीन पानं, बस्स. ‘गर्ल जीनियस’ ही अगाथा नावाच्या नायिकेची कॉमिक २००५ पासून वेबवर अशीच येते, अन् मधल्या दिवसांत आम्ही तर्री पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहून पुढे काय होणार याचे अंदाज बांधतो. माझा खूप जीव आहे या गप्पांवर.

पण आमच्यातला एक जण दरवेळी सगळ्याचा विचका करतो. फक्त ताजं पान पाहून येतो अन् छातीठोक सांगतो, “अगाथा फिरली, आता तीच व्हिलन!” अरे, तिच्या डोक्यात तिच्या आईचं, लुक्रेझियाचं मन घुसवलेलं आहे! तिच्या गळ्यातलं लॉकेट ते मन दाबून ठेवते. हेच लॉकेट लहानपणापासून तिची बुद्धी दाबत होतं. अगदी सुरुवातीला ते चोरीला जाते अन् तिथूनच तर गोष्ट पेटते. इतका सुंदर धागा, अन् याला पत्ताच नाही.

मागची पानं वाच म्हटलं, की म्हणतो, “एवढं कोण वाचत बसते बे?”

मग अंदाज कशाच्या भरवशावर करून राहिला? बरं, आवाज त्याचाच मोठा. ज्या पोरीनं सगळं दोनदा वाचलं, ती बिचारी गप्प. बुधवारी पुन्हा तेच झालं.